नमशीच्या जमिनींची साक्ष

देशपांडे नगरातून गोव्यास जाऊन आम्ही प्रियोळास मंगेशाला आणि म्हार्दोळास म्हाळसेला हात जोडतो. परंतु ही दैवते मूळची कुशस्थळीची व वेर्ण्याची. त्या स्थलांतराचा इतिहास केवळ पडक्या पायांत नव्हे, शेतांतही शोधला पाहिजे.

गावकरी संस्थेने देवाच्या पूजेअर्चेसाठी व सेवेकऱ्यांसाठी ज्या जमिनी तोडून दिल्या, त्यांस नमशी म्हणत. १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५४१ साली या जमिनींचे उत्पन्न चर्चांकडे वळविण्यात आले. पुढे सासष्टीतही तोच क्रम चालला. कायद्याच्या भाषेत मालमत्ता तीच, लाभधारक तेवढा बदलला.

धर्मांतराची साक्ष शेतवाडीने जपल्याचे उदाहरण दूर आइसलँडमध्येही आहे. ह्रीस्ब्रू येथे व्हायकिंग काळातील एकाच वाडीवर दहनाची जागा आणि आरंभीचे लाकडी चर्च उत्खननात सापडले. इ. स. १००० च्या सुमारास तेथील लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी घरात गुप्तपणे जुनी पूजा करण्यास आरंभी मुभा ठेवली. गोव्यात ती मुभा नव्हती. म्हणूनच देवांस नदी ओलांडावी लागली.

मूळ गावचे ख्रिस्ती रहिवासी पुष्कळ ठिकाणी त्याच गावकऱ्यांचे वंशज आहेत. त्यांच्यासह शेतांची जुनी नावे आजच टिपून ठेवणे, हेही आम्ही देवकार्यच मानतो.