हिमनदीवरची सुट्टी

स्वित्झर्लंडमध्ये आज पैसे मोजून साहसाची सुट्टी घेता येते. कमरेला दोर, बुटांना लोखंडी काटे आणि पुढे वाटाड्या, अशा थाटात पर्यटक हिमनदीवर चालतात. अशा सुट्ट्या घालवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत एक शिक्षक होता. हिमनदीवर तो हवा खायला गेला नव्हता. बर्फ हा तर स्थायू पदार्थ. मग त्याची नदी वाहते म्हणजे नेमके काय होते, हे त्याला पाहायचे होते.

फ्रान्झ योसेफ हुगी हे त्याचे नाव, झोलोथुर्न हे त्याचे गाव. १८२७ साली त्याने उंटरआर या हिमनदीवर दगडांची एक झोपडी उभारली. तीन वर्षांनी पाहतो तो झोपडी सुमारे १०० मीटर खाली सरकलेली! १८४१ पर्यंत तिने मूळ जागेपासून १,४०० मीटरांहून अधिक मजल मारली होती. चौदा वर्षांचा हा प्रवास दिवसाला किती सेंटिमीटर पडतो, हे गणित वर्गात जरूर घालावे. उत्तर पावसाळ्यातल्या गोगलगाईलाही हसू येईल असे आहे.

हिमनद्या सरकतात हे डोंगरातल्या गुराख्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. किती आणि कशा, हे मात्र कोणी मोजले नव्हते. हे काम नशातेलचा प्राध्यापक लुई अगासी याने अंगावर घेतले. एके काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता, हे मत तो १८३७ पासून मांडत होता आणि त्यासाठी त्याला हिमनदीचा स्वभाव जाणून घ्यायचा होता. १८४० च्या उन्हाळ्यात तो मित्रांसह उंटरआरवर मुक्कामाला आला. एका प्रचंड शिळेखालच्या पोकळीत दगड रचून खोली केली, दाराला घोंगडी टांगली आणि तिला नाव दिले ‘नशातेलकरांचे हॉटेल’! हळूहळू हे हॉटेल पाहायलाही लोक येऊ लागले.

पुढच्या वर्षी अगासीने हिमनदीतल्या एका खोल विहिरीत स्वतःला दोराने सोडवून घेतले. बर्फाच्या आतले निळे पट्टे त्याला पाहायचे होते. सुमारे १२० फुटांवर पाय गारठणाऱ्या पाण्याला लागले. तो ओरडला, वरच्यांना वाटले, आणखी सोडा म्हणतो आहे. दुसऱ्या हाकेला त्यांना उमगले आणि तो वर आला. दोर धरणाऱ्यांवर त्याचा जीव होता, हे विज्ञानाच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही. १८२९ साली हुगीच्या मोहिमेत फिन्स्टरआरहॉर्न या ४,२७४ मीटर उंच शिखरावर प्रत्यक्ष पोचले ते याकोब लॉयथोल्ड आणि योहान वेरन हे वाटाडे. पाय दुखावल्याने हुगी स्वतः खालीच थांबला होता. अगासीचे नाव पुस्तकांत सापडते. लॉयथोल्डचे शोधावे लागते.

विहिरीपेक्षा मोलाची ठरली ती एक साधी युक्ती. १८४१ मध्ये अगासीने हिमनदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एका सरळ रेषेत सहा खुंट रोवले. वर्षाने येऊन मोजले, तर काठाजवळचा एक खुंट १२५ फूट सरकलेला आणि मधला २६९ फूट. सरळ रेषेची कमान झाली होती. पाण्याच्या नदीतही मधला प्रवाह जलद आणि काठचा मंद असतो. म्हणजे बर्फाचा गठ्ठा केवळ उतारावरून घसरत नव्हता. तो आतून आकार बदलत होता. (याच सुमारास स्कॉटलंडच्या जेम्स फोर्ब्सने मेर द ग्लास या हिमनदीवर असेच निष्कर्ष काढले. श्रेय कोणाचे, यावरून दोघा मित्रांचे फाटले.) आज आपण जाणतो, की वरच्या बर्फाच्या भाराखाली खालचे स्फटिक विरूप होत राहतात आणि तळाशी वितळलेले पाणी असेल, तर त्यावरून सारी हिमनदी घसरतेही. विद्यार्थ्यांना हे दाखवण्यासाठी पन्हळीच्या तिरप्या तुकड्यात घट्ट खळ ओतावी आणि तिच्यावर आडव्या रेषेत आगकाड्या ठेवाव्यात. कमान डोळ्यांदेखत तयार होते.

यानंतर सुट्टीचा रंग पालटला. १८५७ मध्ये लंडनला गिर्यारोहकांचा अल्पाइन क्लब निघाला आणि १८६३ मध्ये टॉमस कुकने स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली. दोन्ही जगांत वावरणारा माणूस म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल. हिमनद्यांचा अभ्यास करता करता त्याला शिखरांचे वेड लागले. १८६१ मध्ये बेनेन आणि वेंगर या वाटाड्यांबरोबर तो वाइसहॉर्नवर प्रथम चढला. तीनच वर्षांनी दुसऱ्या एका चढाईत बेनेन हिमलोटात सापडून मेला.

उंटरआरच्या जवळ, ग्रिमझेल खिंडीपलीकडे ऱ्होन हिमनदी आहे. तिच्यावर १८७४ मध्ये रंगवलेल्या दगडांच्या रांगा आडव्या मांडण्यात आल्या आणि वर्षानुवर्षे त्यांची जागा मोजली गेली. तेव्हापासूनच्या नोंदींमुळेच आज तिची पीछेहाट नेमकी सांगता येते. देशभरच्या हिमनद्यांतल्या एकूण बर्फापैकी सुमारे दहावा हिस्सा २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत नाहीसा झाला. ऱ्होनच्या काठावर प्रवाशांना बर्फ जवळून दिसावा म्हणून एकोणिसाव्या शतकात हॉटेल बांधले गेले होते. पुढे बर्फ त्याच्यापासून दूर गेला. पर्यटकांसाठी हिमनदीत दरसाल बोगदा कोरला जाई. अलीकडे तो टिकावा म्हणून उन्हाळ्यात बर्फावर पांढरी कापडे अंथरावी लागली. सूर्यप्रकाश परतवून ही कापडे आपल्याखालचे वितळणे बरेच कमी करतात. अर्थात, ती पुरतात बोगद्यापुरतीच.