मुक्या चित्रांचा बाप

एरिख ओझर हे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसेल. पण जर्मनीत त्याचे बाप-लेक घरोघरी ओळखीचे आहेत. बाप टकलू, पोट सुटलेला, झुपकेदार मिशीचा. लेक काटकुळा, केस साळिंदरासारखे उभे. दोघांना नावे नाहीत, संवादही जवळजवळ नाहीतच. जेवण वाढले आहे आणि पोरगा पुस्तकात पालथा पडला आहे, म्हणून बाप त्याला उठवायला जातो. पोरगा पानावर येऊन बसतो, तर बापाचा पत्ता नाही! तो त्याच पुस्तकात, तसाच जमिनीवर पालथा. ह्या चित्रमालेला भाषांतरकार लागत नाही. माझ्या नातवाला एक अक्षर न सांगता ती कळली. आणि आपल्या घरातला बाप कोण, हेही त्याने लगेच बोट दाखवून सांगितले.

ओझर १९०३ साली जन्मला आणि लेसच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या प्लाउएन गावात वाढला. आधी कुलूपकाम शिकला, मग लाइपझिगला चित्रकला. तिथे दोन एरिख त्याचे जिवलग झाले : मुलांचा लाडका लेखक कॅस्टनर आणि पत्रकार क्नाउफ. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी ओझरने त्याची आणि गोबेल्सची व्यंगचित्रे काढली होती. सत्ताधाऱ्यांनी ती लक्षात ठेवली. १९३३ च्या मे महिन्यात कॅस्टनरची पुस्तके भर चौकात जाळली गेली आणि पुढे ओझरच्या नावावर बंदी आली. तेव्हा बर्लिनच्या एका मोठ्या साप्ताहिकासाठी त्याने आपली आद्याक्षरे व गावाचे नाव जोडून ‘ए. ओ. प्लाउएन’ हे नवे नाव घेतले. राजकारणाला हात लावायचा नाही, ही अट. डिसेंबर १९३४ ते डिसेंबर १९३७ अशी तीन वर्षे बाप-लेक त्यात येत राहिले. घरी त्याचा स्वतःचा लेक तेव्हा तीन वर्षांचा होता.

आता एक अवघड गोष्ट. १९४० पासून ह्याच माणसाने गोबेल्सच्या ‘दास राइख’ साप्ताहिकासाठी शत्रुराष्ट्रांची व्यंगचित्रे काढली. पोटासाठी म्हणा, भीतीने म्हणा. मला ती पाहवत नाहीत, पण ती झाकून ठेवणेही बरे नव्हे.

हाताने तडजोड केली, जिभेला ती जमली नाही. ओझरला कमी ऐकू येई, त्यामुळे त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागे आणि तोही मोठ्यानेच बोले. बायकोमुलाला बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवून तो बर्लिनमध्ये क्नाउफबरोबर राहत होता. दोघे हिटलरवर, गोबेल्सवर विनोद करीत. त्याच घरात राहणाऱ्या एकाने ते टिपून ठेवले आणि वर कळवले. मार्च १९४४ मध्ये दोघांना अटक झाली. खटल्याच्या आदल्या रात्री ओझरने कोठडीत जीवन संपवले. मित्राला वाचवण्यासाठी सारा दोष त्याने लेखी स्वतःवर घेतला होता.

त्याचा उपयोग झाला नाही. २ मे १९४४ रोजी क्नाउफचा शिरच्छेद झाला आणि त्या खर्चाचे बिल त्याच्या पत्नीला पाठवण्यात आले.