ग्राहकाचं समाधान झालं तर?

'माणूस मुळातच हावरट' असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पूर्ण पटत नाही.

हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. वर्षानुवर्षं साधारण तीच गाडी, किंमत मात्र ८५० डॉलरवरून तीनशेच्या खाली! दीड कोटी गाड्या निघाल्या. पण दारात धड चालणारी गाडी असताना माणूस दुसरी घेईल कशाला? जनरल मोटर्सने ही मेख ओळखली. दरवर्षी नवं मॉडेल, नवे रंग... जुनी गाडी बिघडायच्या आधीच मालकाच्या मनातून उतरवायची. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली.

१९२९ च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी चक्क लेख लिहिला. मथळा, 'ग्राहकाला असमाधानी ठेवा'. सगळेच समाधानी झाले तर नवी वस्तू घेणार कोण, हा त्यांचा मुद्दा. (निदान लपवाछपवी तरी नाही!)