लोड किती घेते? : वऱ्हाडात आलेल्या मर्सिडीजची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय.)

कानात इअरफोन नीट बसवा, कारण आज गाडीची गोष्ट आहे. पण सुरुवात बैलांच्या सणापासून.

गेल्या पोळ्याला मी गावी होतो. मूर्तिजापूरजवळ आमचं गाव. माझा इंजिनीअरिंगचा मित्र अमरावतीहून भेटायला आला आणि येताना वडिलांची मर्सिडीज घेऊन आला. मग काय, पारावरची अर्धी पोरं बैल सोडून गाडीभोवती. सेल्फी सुरू. तेवढ्यात आमचे आबाजी, वय ८४, काठी टेकत आले. समोरच्या जाळीवरच्या ताऱ्यावर त्यांनी हात फिरवला. मग मागे गेले, डिकी उघडायला लावली, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "काहून गा, हे लोड किती घेते?"

सगळे हसले. मीपण हसलो. रात्री जेवताना आबाजी म्हणाले, "हासतं काहून बे? बावीस वर्स हाच बिल्ला घेऊन गाडी हाकलली मीनं."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं की म्हातारा शंभर टक्के खरं बोलत होता. वऱ्हाडात मर्सिडीज पहिल्यांदा श्रीमंताची कार म्हणून आलीच नाही. ती आली ट्रक म्हणून, कापूस वाहायला. आजचा एपिसोड त्यावरच.

पहिली लाँग ड्राइव्ह

आधी थोडं जर्मनीला जाऊन येऊ. २९ जानेवारी १८८६. मानहाइम शहरातल्या कार्ल बेंझनं पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचं पेटंट मागितलं. मोटारगाडीचा जन्म मोजतात तो साधारण या तारखेपासून. पण गाडी बनली म्हणून लोक घेतात असं थोडीच असतं! घोडा सोडून या फटफटीवर कोण बसणार?

मग ऑगस्ट १८८८ मध्ये कार्लची बायको बर्था उठली आणि नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना सोबत घेऊन, माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर साधारण १०४ किलोमीटर. म्हणजे अकोल्याहून निघायचं आणि बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोचायचं, जवळपास तेवढं. फरक इतकाच की वाटेत पेट्रोल पंप नाही, कारण जगात कुठेच पेट्रोल पंप नव्हता. इंधन संपत आलं तेव्हा तिनं वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रव घेतलं. ते तेव्हा डाग काढायला वापरायचे. इंधनाची नळी चोंदली, तर हॅटची पिन घालून मोकळी केली. ब्रेक झिजले, तर वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. संध्याकाळी पोचली आणि नवऱ्याला तार केली.

आणखी एक. कार्लचा कारखाना अडचणीत होता, तेव्हा बर्थानं लग्नाआधीच आपल्या वाट्याचे पैसे त्यात घातले होते. पेटंट मात्र कार्लच्या नावावर. सातबारा कोणाच्या नावावर आणि शेतात राबते कोण, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगायला नको.

मुलीचं नाव, बापाचं आडनाव

तिकडे कानश्टाटमध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख ही दुसरी जोडी इंजिनं बनवत होती. त्यांच्या गाड्या विकणारा एक बडा व्यापारी होता, एमिल येलिनेक. त्याला जास्त वेगवान गाडी हवी होती, आणि तिला आपल्या मुलीचं नाव द्यायचं होतं. मुलगी मर्सिडीज. स्पॅनिशमधून आलेलं नाव, अर्थ साधारण दया, कृपा. १९०१ ची ३५ हॉर्सपॉवरची मर्सिडीज शर्यतींमध्ये इतकी गाजली की १९०२ मध्ये ते नाव कंपनीचा ट्रेडमार्क झालं. पुढच्या वर्षी येलिनेकनं स्वतःच्या आडनावालाच मर्सिडीज जोडलं. १९०९ मध्ये तीन टोकांचा तारा नोंदवला गेला. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आमची इंजिनं, असा त्याचा अर्थ. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या जुन्या स्पर्धक कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे जोडनाव तयार झालं.

या ताऱ्याचा एक काळा काळही आहे, तो गाळून पुढे जाणं बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धात ही कंपनी नाझी सरकारसाठी ट्रक आणि विमानांची इंजिनं बनवत होती. १९४४ मध्ये तिच्याकडचे जवळपास निम्मे कामगार जबरदस्तीनं आणलेले होते. युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदीसुद्धा त्यात होते. कंपनीनं पुढे हे स्वतः मान्य केलं. तारा दिसायला चकचकीत आहे, इतिहास सगळा चकचकीत नाही.

तारा जमशेदपूरला उतरतो

आता आपल्याकडे येऊ. टाटांची टेल्को कंपनी १९४५ साली सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये तिनं डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. पुढे गोल नाक आणि त्या नाकावर तीन टोकांचा तारा. नाव 'टाटा मर्सिडीज-बेंझ'. गंमत म्हणजे त्या वर्षी आपला वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होता. मुंबई राज्यात आला १९५६ ला आणि महाराष्ट्र झाला १९६० ला. म्हणजे आपण महाराष्ट्रात यायच्या आधीपासून हा तारा देशातल्या रस्त्यांवर होता.

त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलगाडीनं जिनिंगपर्यंत आणि तिथून रेल्वेनं जायचा. आमच्या मूर्तिजापूरची शकुंतला आठवा. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी इंग्रज कंपनीनं कापसासाठीच टाकली होती. पण रेल्वे रूळ असेल तिथंच जाते. ट्रक थेट जिनिंगच्या फाटकात येतो. आबाजी १७ वर्षांचे असताना क्लीनर म्हणून लागले आणि १९६१ ला त्यांच्या शेठनं नवीन टाटा मर्सिडीज घेतली, तेव्हा स्टिअरिंगवर बसले. रुईची एक गाठ १७० किलोची. जिनिंगमधून गाठी भरायच्या, ताडपत्री बांधायची, दोर आवळायचा आणि रात्री निघायचं. येताना खत, सिमेंट, किराणा, जे मिळेल ते.

"बिघडली तं?" मी विचारलं.

"बिघडली तं खाली घुसाचं. मूर्तिजापुरात लिंबाखाली मिस्तरी बसे. पाटा तुटला तं पाटा बदलला, निघालो."

यात इंजिनीअरिंगचा मोठा धडा आहे. त्या कराराचा हेतू नुसते जर्मन ट्रक आणून विकणं हा नव्हता. एकेक भाग इथेच बनायला लागला आणि म्हणून तो लिंबाखालच्या मिस्तरीपर्यंत पोचला. १९६१ मध्ये टेल्कोचा ट्रक श्रीलंकेला, तेव्हाच्या सिलोनला, निर्यात झाला. हे सगळं उभं करण्यात पुढे होते सुमंत मुळगावकर. पुण्याचा कारखाना त्यांच्याच काळात उभा राहिला. १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला आणि ट्रकच्या नाकावर टाटांचा 'टी' आला. "बिल्ला बदलला, गाडी तेच," असं आबाजींचं एका ओळीतलं विश्लेषण. मुळगावकरांचं नाव तुम्ही नकळत शेकडो वेळा घेतलंय. सुमंतचं 'सु' आणि मुळगावकरांचं 'मो'. टाटा सुमो!

१९९४

सुमो आली १९९४ ला. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पुन्हा भारतात आली, यावेळी कार घेऊन, टेल्कोसोबत भागीदारीत. १९९५ पासून पुण्यात ई-क्लास बनायला लागली. पुढे ही भागीदारी सुटली आणि २००९ मध्ये चाकणला कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. आणि १९९४ च्याच एप्रिलमध्ये आपल्या शकुंतलेचं मँचेस्टरला बनलेलं १९२१ चं वाफेचं इंजिन निवृत्त झालं. एकाच वर्षात वाफेचं इंजिन गेलं, सुमो आली आणि तारा परत आला. पण आता तो शेठच्या फाटकात गाठी भरायला येणार नव्हता.

मालक काय म्हणतात

मित्राचे वडील डॉक्टर आहेत. पाच वर्षं वापरलेली गाडी त्यांनी घेतली. त्यांना विचारलं, अनुभव कसा? ते म्हणाले, "बसल्यावर काय ते कळते. ११० च्या स्पीडला कपातला चहा हलत नाही. पण ही जातच पटाच्या बैलाची. शंकरपटाचा बैल घेणं सोपं, त्याचा खुराक अवघड." कामासाठी नागपूर गाठावं लागतं, अमरावतीहून दीडशे किलोमीटर. खेड्यात जायचं असलं की ते अजूनही जुनी गाडीच काढतात. आणि एक गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली. "दवाखान्यासमोर लावत नाही मी. पेशंटले वाटते, आपल्या बिलातून आली."

दुसरा मालक ग्रीसचा. ग्रेगोरिओस साखिनिदिस, थेस्सालोनिकीचा टॅक्सीवाला. त्यानं १९७६ ची २४० डी ही डिझेल गाडी जुनीच घेतली आणि टॅक्सी म्हणून चालवली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली तेव्हा मीटर ४६ लाख किलोमीटरवर होता. अकोला–अमरावती ४६ हजार वेळा! मधे इंजिनं बदलली, पण गाडी तीच. हा माणूस आबाजींना नक्की आवडला असता.

तिसरे मालक आपल्या शेजारचे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकदम सुमारे १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली, मागास म्हणवल्या जाणाऱ्या मराठवाड्यानं करून दाखवलं म्हणून. एकत्र गेल्यावर भाव चांगला मिळतो हे त्यांनी बरोबर ओळखलं, त्यात चूक काहीच नाही. पण पत्रकार पी. साईनाथ यांनी दुसरी बाजू मांडली. या गाड्यांना सरकारी बँकेचं कर्ज ७ टक्क्यांच्या आसपास मिळालं आणि त्याच भागात ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर त्याच्या जवळपास दुप्पट होता.

हे वाचताना मी थांबलो. कारण त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते. शेतकरी आत्महत्यांमुळे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. कापूस पिकवणाऱ्याच्या कर्जाची ही गत, आणि ज्या ताऱ्यानं एकेकाळी तोच कापूस वाहिला त्याला सगळ्यात स्वस्त कर्ज.

आता माझं सांगतो. मागच्या वर्षी माझ्या फोनवर मेसेज आला, वापरलेल्या लक्झरी कारसाठी तुमचं कर्ज मंजूर आहे. सही नाही, कागद नाही, पाच मिनिटांचं काम. मी गाड्या बघायलाही लागलो होतो, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात बाबा पीककर्जासाठी फिरत होते. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे नो ड्यूज दाखले, जामीनदार. चार चकरा झाल्या. बाबांकडे साडेसात एकर जमीन आहे, माझ्याकडे फक्त सॅलरी स्लिप. हप्ते फेडणारी सिस्टीम कोणावर विश्वास ठेवते, हे सॉफ्टवेअरवाल्या माणसाला कोडमध्ये दिसतं. त्या दिवशी घरात दिसलं.

आबाजींनी १९७४ मध्ये एका पार्टनरसोबत तोच ट्रक शेठकडून उधारीवर घेतला होता. तीन हंगामांत पैसे फिटले. मग त्या गाडीवर दोन आत्यांची लग्नं झाली, बाबांचं कॉलेज झालं आणि साडेसातपैकी तीन एकर आलं. १९८३ ला गाडी भंगारात गेली.

परवा आबाजींना मी त्याच मित्राच्या गाडीतून अमरावतीला दवाखान्यात नेलं. हा तोच रस्ता, कित्येक वर्षं रखडलेला, आणि मग जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज रेकॉर्डमध्ये गेलेला. कुरुमच्या पुढे गाडी अशी काही वाहत होती की मला वाटलं आबाजी झोपले. तेवढ्यात त्यांनी पुन्हा विचारलं, "सांगतलं नाही तू. लोड किती घेते?"

म्हटलं, "आबाजी, पाच माणसं."

ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मंग एवढं मोठं इंजिन कायले?"

मी अजून कार घेतलेली नाही. कधीतरी घेईन, हौस आहे मला. पण शोरूममध्ये मायलेज विचारायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारून जाईन.

तर मंडळी, तुमच्या घरी कोणी टाटा मर्सिडीज चालवली असेल, अडगळीत तो ताऱ्याचा बिल्ला किंवा जुनं आरसी बुक पडलं असेल, तर फोटो पाठवा. आणि घरात असे आबाजी असतील, तर फोटोआधी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!