रेग्युलर एक्स्प्रेशन

मजकुराचे रूप मोजक्या अक्षरांत व चिन्हांत वर्णन करून त्या रूपाचा मजकूर यंत्राकरवी शोधण्याची, पडताळण्याची अथवा त्याचे घटक विलग करण्याची लेखनपद्धती. व्यवसायातील मंडळी तिला 'रेजेक्स' म्हणतात आणि तिच्यात लिहिलेल्या एकेका वर्णनाला पॅटर्न अथवा साचा. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांच्या लायब्ररींत ती उपलब्ध आहे. येथील विवेचन मुख्यतः पायथन भाषेच्या 'आरई' या लायब्ररीस अनुसरून केले आहे.

या पद्धतीचा उगम मज्जातंतूंच्या गणिती अभ्यासात आहे. वॉरन मकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याची जी तार्किक प्रतिकृती मांडली होती, तिला कोणकोणते घटनाक्रम ओळखता येतील याचा विचार करीत असता अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये रँड संस्थेसाठी लिहिलेल्या आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे गणित सिद्ध केले. 'शून्य किंवा अधिक वेळा' असा अर्थ वाहणारी तारका आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये साचा वाचून त्याचे आयबीएम ७०९४ या संगणकाच्या यंत्रभाषेत रूपांतर करणारी रीत प्रसिद्ध केली, आणि तेथून ही विद्या मजकूर-संपादकांत, युनिक्सच्या 'ग्रेप' या आज्ञेत व पुढे पर्ल भाषेत रुजली. साच्यातील गटांना, म्हणजे गोल कंसांत घातलेल्या भागांना, नावे देण्याची सोय मात्र प्रथम पायथनने केली. ही नावे देवनागरीतही, म्हणजे 'दिवस', 'रक्कम' अशी, ठेवता येतात, याची आपल्याकडील पुष्कळांना वार्ता नसते.

साचा रचणे म्हणजे कोणता मजकूर आपला आणि कोणता परका याचा मसुदा करणे होय, आणि या मसुद्यातील कठीण भाग नेहमी दुसरा असतो. हिशेबाच्या कागदातून लाख-हजारांच्या रीतीने स्वल्पविराम दिलेल्या रकमा वेचावयाच्या आहेत असे समजू. त्यासाठी `[०-९][०-९]?(,[०-९][०-९])*,[०-९][०-९][०-९]` हा साचा लिहिता येतो : आरंभी एक किंवा दोन अंक, मग स्वल्पविरामासह दोन-दोन अंकांचे कितीही गट, आणि शेवटी तीन अंकांचा एक गट. चौकटी कंस 'यांपैकी कोणतेही एक अक्षर' असे सांगतो, प्रश्नचिन्ह आधीच्या घटकाला ऐच्छिक करते आणि तारका त्याच्या पुनरावृत्तीला मुभा देते. १२,३४,५६७ ही रक्कम वाचताना यंत्र हावरेपणाने ',५६' हाही दोन अंकांचाच गट मानून पुढे सरकते, तेथे अपेक्षित स्वल्पविरामाऐवजी ७ आढळल्यावर एक पाऊल मागे येते आणि ',५६७' हा अंत्य गट ठरवते. या माघारीच्या वर्तनाला बॅकट्रॅकिंग म्हणतात.

येथपर्यंत सर्व सुरळीत भासते. परंतु त्याच कागदात कोणी पाश्चात्त्य रीतीने १००,००० असे लिहिले असेल, तर हा साचा ती रक्कम नाकारीत नाही. पहिला अंक वगळून उरलेले '००,०००' बिनदिक्कत उचलतो आणि एक लाखाच्या जागी शून्याची नोंद होते, तीही कोणतीही तक्रार न करता. जुळणी न होणे हा दोष तात्काळ नजरेस येतो, पण भलतीच जुळणी होणे हा दोष ताळेबंदापर्यंत दडून राहतो, आणि म्हणून सीमा बांधणे हे या कलेतील अव्वल कर्तव्य समजले पाहिजे. रक्कम आधीच स्वतंत्र रकान्यात असेल, तर संपूर्ण मजकूर साच्यात बसलाच पाहिजे अशी अट घालणारे 'फुलमॅच' हे फंक्शन पायथनच्या ३.४ या आवृत्तीपासून (२०१४) उपलब्ध आहे. साच्याच्या आरंभी `^` व शेवटी डॉलरचिन्ह लिहूनही बहुतांशी हेच साधते. मात्र डॉलरचिन्ह मजकुराच्या अखेरच्या नव्या ओळीच्या खुणेपूर्वीही समाधान मानते.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत या लायब्ररीचे वर्तन विचित्र आहे. अंकांच्या लघुचिन्हात, म्हणजे उलट्या तिरप्या रेघेपुढील 'डी'मध्ये, देवनागरी अंकांचाही समावेश होतो, आणि पायथन त्या अंकांचे संख्येत रूपांतरही विनातक्रार करते. परंतु शब्दातील अक्षरांसाठी असलेले 'डब्ल्यू'चे लघुचिन्ह काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षरांत गणत नाही. परिणामी 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हाती येतात. युनिकोडने स्वरचिन्हांना अक्षरांपासून निराळ्या वर्गात घातले आहे हे त्याचे कारण. यावर युनिकोडचा देवनागरी पट्टा चौकटी कंसात देण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो, पण त्या पट्ट्यात दंड आणि अंकही येतात. शिवाय 'दऱ्या'मधील अर्धा र काही जण अदृश्य जोडचिन्ह वापरून टंकित करतात व ते चिन्ह पट्ट्याबाहेरचे असल्याने शब्द पुन्हा मोडतो. 'रेजेक्स' याच नावाची जी निराळी लायब्ररी पायथनसाठी मिळते, तिचे शब्दचिन्ह स्वरचिन्हांनाही सामावून घेते, आणि मराठी मजकुराच्या कामी तीच पत्करावी हे बरे.

माघारीची किंमत कधी कधी अवाढव्य होते. `(क+)+ख` हा साचा (अधिकचे चिन्ह म्हणजे 'एक किंवा अधिक वेळा') नुसत्या ३० 'क'कारांच्या ओळीवर चालविला, तर त्या ओळीचे गट पाडण्याचे ५० कोटींहून अधिक मार्ग संभवतात, आणि 'ख' कोठेच नसल्यामुळे माघार घेणाऱ्या यंत्रावर ते सर्व पडताळण्याची पाळी येते. दर वाढत्या अक्षरागणिक हे श्रम दुप्पट होतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या संरक्षक नियमांत घातलेल्या एका नव्या साच्यातील `.*.*=.*` (टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर) अशा आशयाच्या भागाने तिच्या जगभरच्या संगणकांची प्रक्रियाशक्ती शोषून घेतली आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे बंद पडली. सर्व शक्य वाटांचा एकाच वेळी मागोवा घेणारी टॉम्प्सन यांची रीत या संकटापासून मुक्त आहे, आणि रस कॉक्स यांच्या 'आरई२' या लायब्ररीत तीच अंगीकारली आहे. मोबदल्यात, आधी जुळलेला मजकूर पुढे जशाचा तसा पुन्हा येतो काय हे तपासण्याची सोय तेथे सोडावी लागते. पायथनने ३.११ या आवृत्तीत (२०२२) एकदा जुळलेला गट परत न उघडणारे 'अ‍ॅटॉमिक' गट आणून अंशतः तोड काढली.

एकात एक कितीही खोल गुंतलेल्या कंसांचा हिशेब क्लेनी यांच्या मूळ व्याख्येतील साच्याला ठेवता येत नाही. मर्यादित अवस्थांच्या यंत्राला अमर्याद मोजणी साधत नाही, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून जेसन किंवा एचटीएमएल या स्वरूपातील माहिती त्या-त्या स्वरूपासाठी रचलेल्या लायब्ररीकडे सोपवतात. स्वतःचेच एखादे गुंतागुंतीचे स्वरूप वाचावयाचे असल्यास 'पायपार्सिंग'सारखी लायब्ररी वापरतात, जिच्यात लहान साचे अधिकच्या चिन्हाने जोडून मोठे व्याकरण उभारता येते आणि एखादा साचा स्वतःलाच पोटात घेऊ शकतो.