तोंडातली पिवळी गाठ

आज बोलायचंय ते गालाच्या आत येणाऱ्या एका मऊ गाठीबद्दल. ती दुखत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, आणि बरेचदा जेवताना गाल चावला गेला की मगच लक्षात येते. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. आपण चरबीची गाठ म्हणू.

आपल्याकडे तिचा माग काढायचा तर सुश्रुतसंहितेपर्यंत जावं लागतं. तिथे ओठांचे आठ रोग सांगितलेत. त्यातला एक मेदामुळे होणारा: ओठ तुपाच्या निवळीसारखा दिसतो, जड होतो, खाजतो. उपाय म्हणजे शेक द्यायचा, फोडायचं, आतून साफ करायचं आणि वर डाग द्यायचा. ओठाला डाग, तोही आजच्यासारखी भूल नसताना! मात्र हाच आपला लायपोमा, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लायपोमा सहसा खाजत नाही, आणि ओठावर लाळ साचून होणारा फोडही असाच मऊ लागतो.

पुढे १८४८ साली रू यांनी तोंडातल्या अशा गाठीचं वर्णन केलं आणि तिला 'पिवळी एप्युलिस', म्हणजे हिरडीवरची पिवळी गाठ, म्हटलं. निदान रंगावरून. पण गाठ खोल असेल तर तो पिवळेपणा वरून दिसतच नाही.

१८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. लगेच हॉल्स्टेड यांनी जबड्याच्या नसांवर तोच प्रयोग केला. जागच्या जागी बधिर करून तोंडातली गाठ काढायची वाट इथून मोकळी झाली. १८९३ मध्ये ब्लूम यांनी फॉर्मॅलिनचा उपयोग दाखवला, आणि काढलेला तुकडा तपासणीसाठी टिकू लागला. यातली गंमत अशी, की बहुतेक तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाशी जातात, चरबीची गाठ मात्र वर तरंगते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला तिथेच अंदाज येतो.

पण तो अंदाजच. क्वचित चरबीचा कर्करोगही असाच साळसूद दिसतो. खरा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो.

आपल्या देशात तंबाखू आणि गुटख्याने तोंडाच्या कर्करोगाची इतकी धास्ती बसवली आहे, की गाठ लागली तरी माणूस ती दाखवायलाच घाबरतो. दुसरा म्हणतो, दुखत नाही ना, मग राहू दे. दोघांचीही गाठ बहुधा छोट्या शस्त्रक्रियेत निघेल, टाके पडतील आणि ती परत येणारही नाही. फक्त घरी निघताना विचारा: तुकडा तपासायला पाठवलाय ना, आणि रिपोर्ट कधी मिळेल?