देवयानी खरंच आपल्यावर आदळणार का?

गेल्या नोव्हेंबरात अंबड तालुक्यात मामाच्या शेतावर होतो. रात्री लाइट गेली आणि तारे एकदम दाट दिसायला लागले. शर्मिष्ठेच्या शेजारी कापसाच्या बोंडासारखा एक फिकट ठिपका होता. मामेभाऊ म्हणाला, “हीच ना ती, आपल्यावर आदळणारी? ग्रुपवर व्हिडिओ आलाय.”

हीच ती. देवयानी दीर्घिका, 25 लाख प्रकाशवर्षं दूर. पण ती आदळणार हे माणसाला कळलं कसं, ते काही व्हिडिओत नव्हतं. म्हणून आजचा हा एपिसोड.

1912 साली अमेरिकेत व्हेस्टो स्लायफरनं देवयानीच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या. म्हणजे ती सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगानं आपल्याकडे येतेय! ती स्वतंत्र दीर्घिका आहे, हेसुद्धा तेव्हा पक्कं नव्हतं. ते ठरलं नंतर, एडविन हबलच्या कामातून.

मग प्रश्न आला, दोन दीर्घिका भिडल्या तर होतं काय? 1941 मध्ये कॉम्प्युटर कुठला! स्वीडनच्या एरिक होल्मबर्गनं चक्क विजेचे बल्ब मांडले, एका दीर्घिकेचे 37, दुसरीचे 37. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, गुरुत्वाकर्षणही तसंच. म्हणून प्रत्येक जागी प्रकाश मोजायचा, त्यावरून ओढ काढायची आणि बल्ब थोडा सरकवायचा. पुन्हा मोजायचं. दीर्घिका एकमेकींना ओढून वाकड्या करतात, हे त्यातून दिसलं. 1972 मध्ये टूमरे बंधूंनी हेच कॉम्प्युटरवर केलं आणि ताऱ्यांच्या लांब शेपट्या कशा निघतात ते दाखवलं.

आता मुख्य गोष्ट. दीर्घिका भिडतात, पण तारे जवळपास कधीच आदळत नाहीत. सूर्य म्हणजे जालन्यातली एक मोसंबी धरा. मग सगळ्यात जवळचा तारा म्हणजे दुसरी मोसंबी, थेट इम्फाळजवळ! मधे सगळं रिकामं. आदळतात ते वायूचे ढग. ते दाबले जातात आणि नवे तारे जन्मतात. आपल्या आकाशगंगेनं तर सुमारे 1000 कोटी वर्षांपूर्वी एक छोटी दीर्घिका गिळलीय. तिचे तारे 2018 मध्ये गाया यानाच्या नोंदींतून ओळखू आले.

मग देवयानीचं काय? 2012 मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापावरून शास्त्रज्ञ म्हणाले, साधारण 400 कोटी वर्षांनी टक्कर नक्की. 2025 मध्ये नव्या नोंदी घेऊन, शेजारच्या छोट्या दीर्घिकांची ओढही धरून पुन्हा गणित मांडलं. उत्तर आलं, पुढच्या 1000 कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता जवळपास निम्मी. छापा की काटा!

भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे व्हिडिओ खोटा?”

“खोटा नाही रे. जुना.”

तेवढ्यात लाइट आली आणि देवयानी दिसेनाशी झाली. हिवाळ्यात गावाकडे गेलात की अंधारात तिला नक्की शोधा. भेटू पुढच्या भागात.